ब्रह्मपुरीचा निधी

कोल्हापूर शहराच्या कडेला पंचगंगेच्या काठी असलेल्या ब्रह्मपुरी नावाच्या टेकाडात १९४४-४५ च्या सुमारास सापडलेला प्राचीन धातुवस्तूंचा साठा. सातवाहनकालीन दख्खन व रोमन साम्राज्य यांच्यातील संबंधांचा पश्चिम भारतातील हा एक प्रमुख पुरावा होय. साठ्यातील पोसायडन या ग्रीक सागरदेवाची लहानशी ब्राँझमूर्ती विशेष प्रसिद्धी पावली आणि तिच्यामुळे सर्वच साठ्याला ‘रोमन निधी’ असे म्हणण्याचा प्रघात पडला. हे नाव मात्र यथार्थ नाही. निधीतील बहुसंख्य वस्तू येथल्याच आहेत. परदेशी वस्तू येथे कशा आल्या, याइतकाच त्या येथे कशा वापरल्या गेल्या आणि त्यांच्यापासून येथल्या कारागिरांनी काय घेतले, हा प्रश्नही या निधीच्या संदर्भात महत्त्वाचा ठरतो. त्याचे उत्तर शोधताना ब्राँझच्या वस्तूंसोबत त्याच काळातील मातीच्या पदकांचाही विचार करावा लागतो.

कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्यांचे पाणी एकत्र येऊन प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा बनते. गुप्त मानलेली सरस्वती ही पाचवी. या संगमाच्या खाली, नदीच्या उंच काठावर ब्रह्मपुरीची वस्ती होती. वायव्येस सु. २० किमी. अंतरावर पन्हाळ्याचा डोंगर असून त्याच्या पायथ्याकडून पश्चिमेस जाणारा मार्ग आंबा घाटाने कोकणात उतरतो. पन्हाळ्याचा लिखित इतिहास शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळापासून, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरीपासून सुरू होतो. त्याच्या कोरीव लेखांत या दुर्गाचा निर्देश येतो. तथापि ही वाट दुर्गाहून जुनी असावी. पन्हाळ्याच्या पश्चिमेकडील मसाई पठाराच्या कड्यातील पांडवदरा लेणी आणि जोतिबाच्या डोंगराजवळील पोहाळे येथील लेणी ही बौद्ध लेणी याच टापूत आहेत. दख्खनमधील बौद्ध विहार बहुधा व्यापारी मार्गांच्या आधाराने वसत, हे ध्यानात घेता घाटमाथा आणि पंचगंगेचे खोरे यांच्या दरम्यानची वर्दळ बरीच प्राचीन असली पाहिजे. कोल्हापूरला आलेला परदेशी माल कोकणातील नेमक्या कोणत्या बंदरात उतरला, हे सांगण्याजोगा पुरावा नाही. पेरिप्लस या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात सेमिल्ला म्हणजे चौल याच्या दक्षिणेकडील काही बंदरांची नावे दिलेली आहेत. त्यांच्या स्थाननिश्चितीविषयी विद्वानांत एकमत नाही.

ब्रह्मपुरीचे नाव अभ्यासकांना या निधीपूर्वीही परिचित होते. १८७७ च्या सुमारास येथे शिशाच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र सिवलकुर आणि गौतमीपुत्र विळिवायकुर अशी नावे या नाण्यांवर असून एकाची नाणी दुसऱ्याने पुन्हा ठोकलेली आढळतात. या पुनर्मुद्रणावरूनच त्यांचा क्रम लावण्यात आला. दुसऱ्या शतकातील भूगोलकार टॉलेमी याने बालेओकूरोस नावाच्या राजाचा व त्याच्या राजधानीचा उल्लेख केला आहे. ते विळिवायकुर याच नावाचे ग्रीक रूप समजले जाते. याच सुमारास कोल्हापूर येथील एका बौद्ध स्तूपातून स्फटिकाचा करंडक मिळाला. तो ठेवलेल्या पेटीवरील ब्राह्मी लेखात ब्रह्म नावाच्या दात्याचा आणि काम करवून घेणाऱ्या धर्मगुप्ताचा निर्देश आहे. तेव्हा निधी जमिनीत पुरला गेला त्या काळी हे ठिकाण म्हणजे आडरानातील खेडे नव्हते. स्वतःची नाणी पाडणारे राजे, दानधर्म करणारे नागरिक आणि स्फटिकासारखे कठीण माध्यम हाताळणारे कारागीर या नगरात होते.

निधीचा शोध कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील प्राध्यापक के. जी. कुंदनगार यांनी केलेल्या खोदकामात लागला. म्हणून काही लेखक त्याला कुंदनगार निधी असेही म्हणतात. या खोदकामात स्तरांची काटेकोर नोंद राहिली नाही. वस्तू हाती आल्या. पण कोणती वस्तू कोणत्या थरात, कशाच्या शेजारी व किती खोलीवर होती, ही माहिती कायमची हरपली. ही उणीव साधी नाही. ब्रह्मपुरीच्या एकाच टेकाडात सातवाहनकालीन वस्ती आणि तिच्यावर हजार-बाराशे वर्षांच्या अंतराने उभी राहिलेली बहमनीकालीन वस्ती असे अवशेष आहेत. अशा ठिकाणी वस्तूचा थर कळला नाही, तर तिचा काळ केवळ घडणीवरून ठरवावा लागतो. आणि घडणीवरून काळ ठरविणे म्हणजे पुष्कळदा जे सिद्ध करावयाचे तेच गृहीत धरणे होय. १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. त्याचा अहवाल १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. या उत्खननाने विटांच्या घरांची सातवाहनकालीन वस्ती निश्चित झाली. तिच्या वरच्या बहमनी थरात मिळालेल्या रंगीबेरंगी काचेच्या बांगड्यांनी दीक्षितांच्या पुढील काचविषयक संशोधनाला चालना दिली. निधीला सातवाहन काळात बसविण्याचा आधार आहे तो मुख्यतः या दुसऱ्या उत्खननाचा. प्रत्यक्ष निधीच्या खड्ड्याचा नव्हे.

निधीत शंभराच्या आसपास वस्तू आहेत. त्यांत घरगुती वापराची भांडी, भांड्यांचे सुटे भाग, आरसे आणि लहान मूर्ती यांचा समावेश होतो. पोसायडनची मूर्ती हातात मावेल एवढीच आहे. देव नग्न, दाढीधारी व उभा असून त्याचा एक हात उंचावलेला आहे. त्या हातात त्रिशूळ असावा. तो आज नाही. इ. स. पू. चौथ्या शतकातील ग्रीक शिल्पकार लिसिपस याच्याशी संबंध जोडला जाणाऱ्या एका मोठ्या पुतळ्याची ही लघुप्रतिकृती मानतात. मूळ पुतळा नष्ट झाला. मात्र त्याच्या लहानमोठ्या प्रतिकृती रोमन काळात भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर ठिकठिकाणी तयार होत. म्हणजे ब्रह्मपुरीस आलेली मूर्ती ही कोण्या राजाने पाठविलेली अपूर्व भेट नसून बाजारात मिळणारी वस्तू होती, असे मानण्यास हरकत नाही. दक्षिण इटलीतील कँपेनिया प्रांताच्या धाटणीची सुरई आणि पर्सियस व अँड्रॉमिडा यांच्या कथेचे समजले जाणारे उठावाचे गोल पदक यांचीही गणना परदेशी वस्तूंत होते. बडोद्याजवळील अकोटा येथे अशाच एका रोमन सुरईची, ईरॉस या बालदेवाची आकृती असलेली मूठ मिळाली आहे. त्यावरून या जातीची भांडी पश्चिम भारतात एकाहून अधिक ठिकाणी पोहोचली होती, हे दिसते.

कार्ल खंडालावाला यांनी १९६० मध्ये या धातुवस्तूंची कलादृष्ट्या चिकित्सा केली. पुढे अमेरिकन अभ्यासक रिचर्ड द प्यूमा यांनी भूमध्य प्रदेशातील समकालीन ब्राँझवस्तूंशी त्यांची तुलना केली व तिचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्या मते निधीपैकी निःसंशय आयात म्हणता येतील अशा वस्तू सुमारे दहाच आहेत. उरलेल्या देशी. या देशी वस्तूंत स्वार बसलेला हत्ती सर्वांत उल्लेखनीय होय. हत्तीची भारदस्त बांधणी, स्वारांची दाटीने बसण्याची रीत आणि त्यांची वेशभूषा यांचे नाते भाजे, कार्ले येथील शिल्पांशी आहे. ज्याने हा हत्ती ओतला त्याला धातूच्या कामात परदेशी गुरूची गरज नव्हती. पोसायडनला मिळालेल्या कीर्तीच्या मानाने या हत्तीकडे दुर्लक्ष झाले, हे मान्य करावयास हवे.

पोसायडन आणि हत्ती एकाच साठ्यात असले, तरी एकाचा दुसऱ्यावर परिणाम झालेला दिसत नाही. पोसायडनच्या अंगावर काहीही भारतीय नाही आणि हत्तीच्या अंगावर काहीही रोमन नाही. दोन शैली येथे शेजारी आहेत, मिसळलेल्या नाहीत. खरे मिश्रण कसे असते, हे समजण्यासाठी इंग्लंडमधील विंचेस्टर येथे २००० मध्ये सापडलेल्या सुवर्णालंकारांचे उदाहरण घेता येईल. हे अलंकार इ. स. पू. पहिल्या शतकातील, म्हणजे ब्रिटन रोमन अंमलाखाली येण्यापूर्वीचे आहेत. त्यांतील गळ्यात घालावयाची दोन कडी केल्टिक लोकांत प्रतिष्ठेची मानली जात. आपल्याकडील सरीप्रमाणे अशी कडी सामान्यतः ताठ असत. विंचेस्टरची कडी मात्र सोन्याच्या बारीक तारांच्या कड्या एकमेकींत गुंफून साखळीसारखी लवचिक केलेली आहेत. हे तंत्र भूमध्य प्रदेशातील सोनारांचे. अलंकाराचा प्रकार केल्टिक आणि हातोटी रोमन जगातील, अशी ही सांगड आहे. ब्रह्मपुरीच्या ब्राँझमध्ये अशी सांगड नाही. तशी सांगड दख्खनमध्ये झाली ती सोन्यात वा ब्राँझमध्ये नव्हे, तर साध्या भाजलेल्या मातीत.

रोमन नाण्यांच्या नकलेची मातीची पदके तेर, नेवासे, कोल्हापूर, तेलंगणातील कोंडापूर, ओडिशातील शिशुपालगड इ. ठिकाणी मिळालेली आहेत. पुरातत्त्वज्ञ त्यांना ‘बुल्ला’ म्हणतात. हा शब्द येथे थोडा फसवा आहे. रोममध्ये स्वतंत्र कुळातील मुलांच्या गळ्यात बांधावयाच्या पोकळ ताइताला बुल्ला म्हणत आणि दस्तऐवजावरील मुद्रेलाही तेच नाव होते. दख्खनमधील पदके यांपैकी काहीच नव्हेत. ती गळ्यात ओवण्याची पदके असून बहुतेकांना वरच्या बाजूस कान किंवा छिद्र असते. ती घडविण्याची रीत सोपी होती. अस्सल नाणे ओल्या मातीत दाबून दोन बाजूंचे दोन साचे घ्यावयाचे, ते भाजावयाचे, मग बारीक चाळलेल्या मातीची चकती त्या दोन साच्यांत दाबून, कान जोडून पुन्हा भाजावयाची. माती वाळताना व भाजताना आकसते. त्यामुळे साचा मूळ नाण्याहून आणि पदक साच्याहून किंचित लहान उतरते. एका पदकावरून दुसऱ्याचा साचा घेत गेल्यास आकृती बोथट होत जाते. टायबीरिअस (कार. इ. स. १४–३७) या सम्राटाचे मस्तक असलेले नाणे या नकलांसाठी विशेष वापरले जाई. याचे कारण सम्राटाविषयीचा आदर नसून त्याचे चांदीचे दिनारियस भारतात विपुल आले होते, एवढेच असावे. त्या नाण्याच्या मागील बाजूस आसनस्थ स्त्री असते.

या पदकांवरील अक्षरे लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहेत. काहींवर लॅटिन अक्षरे ओळखू येतात. पुष्कळांवर त्यांच्या जागी उभ्या रेघा, टिंबे व अर्धवर्तुळे उरतात. कारागिराला लिपी येत नव्हती. परंतु मस्तकाभोवती अक्षरांचे कडे असलेच पाहिजे, हे त्याला पटलेले होते. लेखाचा त्याने नक्षीचा काठ केला. या प्रकाराला अडाणीपणा म्हणून सोडून देणे बरोबर होणार नाही. परक्या नाण्याचे चलनमूल्य बाजूला ठेवून त्याचे रूप तेवढे घेणे आणि ते आपल्या गळ्यातील माळेच्या रीतीत बसविणे, ही निवड आहे. भारतात मिळालेल्या काही अस्सल रोमन सोन्याच्या नाण्यांना सम्राटाच्या मस्तकावर दोन छिद्रे पाडलेली असतात. माळेत ओवल्यावर मुखवटा सरळ राहावा, ही त्यामागील योजना. ज्याला सोने परवडे तो अस्सल नाणे ओवी, ज्याला परवडत नसे तो मातीचे. दोघांची अलंकाराची कल्पना एकच होती. मातीच्या पदकांना सोन्याचा वर्ख लावीत असावेत, असा तर्क काही अभ्यासकांनी मांडला आहे. तो खरा असल्यास या दोन वर्गांमधील अंतर आणखी कमी होते.

महाराष्ट्रात अस्सल रोमन नाण्यांचे साठे आंध्र किंवा तमिळ प्रदेशांच्या मानाने फार कमी आहेत. सोलापूर जिल्ह्यातील दारफळ येथे मिळालेली सोन्याची नाणी हा त्यांतील एक ठळक अपवाद. पेरिप्लसच्या कर्त्याने बॅरिगाझा (भडोच) येथे रोमन सोन्याचांदीची नाणी स्थानिक चलनाशी बदलून नफा होतो, असे नमूद केले आहे. मग ही नाणी गेली कोठे? दख्खनमध्ये क्षत्रप व सातवाहन यांचे स्वतःचे चलन रूढ होते. परकी चांदी वितळवून तिची नाणी पाडली गेली, हे त्याचे सर्वांत पटणारे उत्तर आहे. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या क्षत्रप नहपानाच्या सु. १३,२५० चांदीच्या नाण्यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविला होता. नहपानाच्या या नाण्यांवरही राजाच्या मस्तकाभोवती ग्रीक अक्षरे असून ती उत्तरोत्तर भ्रष्ट होत गेलेली दिसतात. मातीच्या पदकावर कुंभाराने जे केले, तेच टांकसाळीत चांदीवर घडत होते.

नाणे आणि अलंकार यांच्यातील सीमारेषा भारतात पूर्वीपासूनच पुसट होती. वैदिक वाङ्‌मयात निष्क हा गळ्यातील अलंकार आहे. पुढे तेच सोन्याच्या नाण्याचे नाव झाले. दीनार हा संस्कृतात रुळलेला शब्द रोमन दिनारियसवरून आला. फार पुढच्या काळात व्हेनिसचे सोन्याचे डुकाट पश्चिम किनाऱ्यावर येऊ लागले, तेव्हा त्यांवरील मनुष्याकृतींवरून त्यांना पुतळी हे नाव मिळाले आणि पुतळ्यांची माळ मराठी स्त्रियांच्या अलंकारांत कायमची दाखल झाली, असे मानले जाते. त्या नाण्यावर व्हेनिसचा अधिपती संत मार्कपुढे गुडघे टेकून बसलेला असतो. माळ घालणाऱ्यांना त्याच्याशी कर्तव्य नव्हते. सातवाहनकालीन पदक आणि पुतळी यांच्या दरम्यान दीड हजार वर्षांचे अंतर आहे. त्यामुळे एकातून दुसरे निघाले, असे म्हणता येत नाही. परंतु तेरच्या किंवा कोल्हापूरच्या रहिवाशाने टायबीरिअसचे मस्तक गळ्यात का घातले असावे, याचा अंदाज पुतळीवरून बांधता येतो.

ब्रह्मपुरीच्या निधीचा मालक कोण, याविषयी निरनिराळी मते संभवतात. समुद्रव्यापाराशी संबंध असलेल्या श्रीमंत घरातील हा संग्रह असावा आणि सागरदेवाची मूर्ती तेथे श्रद्धेने किंवा कुतूहलाने ठेवली असावी, हे मत लोकप्रिय आहे. मालक यवन व्यापारी होता, असेही सुचविता येते. धेनुकाकट येथील यवनांनी कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांसाठी दाने दिल्याचे लेख आहेत, तेव्हा असे लोक दख्खनमध्ये वावरत होते यात शंका नाही. तिसरी शक्यता कमी आकर्षक, पण विचारात घेण्याजोगी आहे. पेरिप्लसमध्ये भडोचला येणाऱ्या मालाच्या यादीत तांबे, कथील व शिसे आहेत. धातूला मागणी असलेल्या प्रदेशात जुनी, मोडकी भांडी व सुटे भाग वितळविण्यासाठीही जमविले जातात. भांड्यांचे सुटे भाग, आरसे व मूर्ती यांचा हा सरमिसळ साठा एखाद्या तांबटाच्या दुकानातलाही असू शकेल. तसे असल्यास पोसायडन भट्टीतून वाचला तो योगायोगाने. निधीचा खड्डा व त्याच्या भोवतीचे घर यांची नोंद झाली असती, तर या तीन मतांपैकी निदान एक निकालात निघाले असते.

रोमन हा शिक्काही आता पूर्वीपेक्षा जपून वापरला जातो. पश्चिम भारतातील अनेक स्थळांवरील जाड खापरे दीर्घकाळ रोमन मद्यकुंभांची म्हणून ओळखली जात. अलीकडील परीक्षणात त्यांतील बरीच मेसोपोटेमियाकडील निमुळत्या बुडाच्या, ‘टॉर्पेडो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रांजणांची निघाली. भूमध्य समुद्राशी होणारा व्यापार हा इराणी आखात, अरबस्तान व तांबडा समुद्र यांतून चालणाऱ्या मोठ्या व्यवहाराचा एक भाग होता.

हा व्यवहार एकेरी नव्हता. इ. स. ७९ मध्ये व्हीस्यूव्हिअसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात १९३८ मध्ये एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. प्रथम तिला लक्ष्मी मानले गेले. आज ती आरशाची मूठ किंवा आसनाचा आधार समजली जाते. तिच्याशी निकटचे साम्य असलेल्या हस्तिदंती आकृती तेर आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे मिळाल्या आहेत. तेव्हा ती दख्खनमध्ये घडली असावी, हे मत बळावले. मूर्तीच्या पायाला वाहिलेल्या दागिन्यांचा भार, कमरेची मेखला आणि गळ्यातील माळा पाँपेईतील घरमालकाला किती कळल्या असतील, हे सांगणे कठीण आहे. त्याच पहिल्या-दुसऱ्या शतकांत पंचगंगेच्या काठी कोणीतरी पोसायडन बाळगीत होते.

ब्रह्मपुरी येथील वस्तू कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात आहेत. मुळात या उत्खननातील वस्तूंच्या जतनासाठीच त्या संग्रहालयाचा पाया घातला गेला. मातीच्या पदकांचे व हस्तिदंती कामाचे नमुने तेर येथील कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय पुराणवस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळतात. पाँपेईची मूर्ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आणि विंचेस्टरचे सुवर्णालंकार लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहेत.